सोनेरी कागदातली पुस्तकं

आपल्या जिल्ह्यातल्या लेखकांनी आपल्याच जिल्ह्याविषयी लिहिलेली पुस्तकं माझ्याकडे एका लोखंडी कपाटात आहेत. नागपूरच्या वर्तमानपत्रात डेस्कवर होतो तेव्हापासून ती जमत गेली. 'अभिप्रायार्थ' असा शिक्का मारलेल्या दोन-दोन प्रती कचेरीत यायच्या. कोणी गावच्या देवस्थानाचा इतिहास लिहिलेला असायचा, कोणी पुलगावहून आर्वीला येणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीचा, कोणी नुसतंच आपल्या गल्लीतल्या माणसांविषयी. मलपृष्ठावर लेखकाचा फोटो, आत दोन-तीन प्रस्तावना. प्रस्तावना लिहिणारे पुस्तकापेक्षा लेखकाच्या स्वभावाविषयी जास्त लिहितात. ही पुस्तकं दुकानात मिळत नाहीत. लेखक ती स्वतःच्या खर्चाने छापतो आणि स्वतःच्या हाताने वाटतो. दुसरी आवृत्ती निघालेलं एकही पुस्तक त्या कपाटात नाही.

त्यातलं एक पुस्तक आर्वीतल्या एका कापड दुकानदाराचं आहे. नावं देत नाही. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, इतरांना नावाने काही फरक पडत नाही.

निवृत्त होऊन मी आर्वीला परतलो तेव्हा शेटजी पंचाहत्तरीच्या आसपास होते. दुकान मुलगा पाहायचा. शेटजी गल्ल्यामागच्या गादीवर बसून लिहायचे. विषय होता आर्वी आणि आष्टी तालुक्यांतले आठवडी बाजार. त्यांच्या वडिलांच्या काळात कापडाचे गठ्ठे बैलबंडीवर लादून गावोगावच्या बाजारात नेत. कुठल्या गावात कुठल्या झाडाखाली कोण बसायचं, कापूस विकून आलेले लोक पहिल्यांदा काय घ्यायचे, कुठल्या नाल्याला पूर आला की बाजार कुठे हलायचा, असं सगळं त्या पुस्तकात आहे.

त्यातलं अर्ध्याहून जास्त एका माणसाने सांगितलेलं होतं. तळेगाव श्यामजी पंत या गावचा शेतकरी. तरुणपणी शेटजींच्या वडिलांची बंडी तो हाकायचा. आता नव्वदीच्या पुढे होता, गुडघे गेले होते, पण बोलणं शाबूत होतं. शेटजी एसटीने त्याच्याकडे जायचे, त्याच्या बाजेशेजारी खुर्ची टाकून लिहून घ्यायचे. म्हातारा वाढवून सांगायचा. एकाच बाजारात एकाच बैलजोडीने तीन वेगवेगळे पराक्रम केलेले असायचे. शेटजी ते गाळून घ्यायचे. पुस्तक झालं की पहिली प्रत तुमच्या हातात देईन, असं त्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं.

पहिली प्रत तशी कोणाच्याच हातात देता येत नाही. ती प्रकाशनाच्या पाहुण्यांची असते. मंगल कार्यालयात समारंभ झाला. व्यासपीठावर मान्यवर, शाल, श्रीफळ. प्रत्येक निमंत्रिताला एक प्रत भेट. आत 'सप्रेम भेट' आणि ज्याचं त्याचं नाव लिहून शेटजींनी प्रत्येक प्रत स्वतः सोनेरी कागदात बांधली होती. आयुष्यभर लग्नाचे बस्ते बांधलेला हात. चारी कोपरे करकरीत, कुठे सुरकुती नाही. टेबलावर त्या प्रती रचल्या होत्या तेव्हा लोक पुस्तकांपेक्षा बांधणीचं कौतुक करत होते.

दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या वर्तमानपत्रात बातमी आली. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं होती, पुस्तकाचं नव्हतं. हे कसं होतं ते मला माहीत आहे. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. पुस्तकाचं नाव शेवटच्या परिच्छेदात होतं.

चूक सापडली ती शेटजींच्या घरात. त्यांच्या पत्नीने सगळ्यात आधी ऋणनिर्देशाचं पान उघडलं. स्वतःचं नाव शोधायला, हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

"माहं नाव तं नाई सापडलं," त्या म्हणाल्या, "पण म्हणलं, हा तळेगावचा बुढा कवा गेला? अन् मले सांगतलं काऊन नाई?"

म्हाताऱ्याच्या नावाआधी 'कै.' छापलेलं होतं. कैलासवासी. त्याच्या वरच्या चार नावांआधीही होतं, आणि ते चौघे खरोखरच गेलेले होते.

शेटजी मला घेऊन मजकूर जुळवणाऱ्या दुकानात गेले. एसटी डेपोच्या बाजूला, एका कॉम्प्युटरचं. तिथे दिवसभर तेरवीची कार्डं आणि श्रद्धांजलीचे फलक निघतात. चाळिशीतला माणूस, कानाला फोन, बोटं कीबोर्डवर. त्याने पान पाहिलं आणि जराही विचलित झाला नाही.

"काका, वरचे चारही गेलेले. मले वाटलं पाचवा तुमच्याकडून राह्यला. नुसतं नाव कसंतरीच दिसे. मानसाले मान तं पाह्यजे ना."

"थो जिता हाये बाप्पा!"

"असं का? मंग त्यायचं आयुष्य वाढलं समजा." मग शेटजींचा चेहरा पाहून जरा नरमला. "पुढच्या आवृत्तीत काढून टाकू. फाईल ठेवली हाये मी."

पुढच्या आवृत्तीचं ऐकून शेटजींनी पुस्तक मिटलं आणि काखेत घेतलं.

म्हाताऱ्याची एक प्रत दुरुस्त करून त्याला नेऊन देणं सोपं होतं. मी तसं सुचवलं. शेटजींना ते पटलं नाही. आर्वीत तळेगावची दोन-तीन घरं होती, त्यांच्याकडे प्रती गेल्या होत्या. कोणी वाचून त्या घरी फोन केला तर? जिवंत माणसाच्या दारात लोक सांत्वनाला गेले तर? आधी गावातली प्रत्येक प्रत दुरुस्त करायची आणि मगच तळेगावला जायचं, असं त्यांनी ठरवलं. प्रती कोणाकोणाला दिल्या ते त्यांना तोंडपाठ होतं. उधारी लक्षात ठेवणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही.

"तुमी संगं चला पेपरवाले," ते म्हणाले. "मी एकटा गेलो तं लोकायले वाटन, बुढा पैसे मागाले आला. तुमी असले की चहा तरी भेटन."

अशा रीतीने आम्ही निघालो. त्यांच्या खिशात दाढीचं नवीन पातं, कागदात गुंडाळलेलं. छापलेली अक्षरं खरवडायची आणि नखाने कागद घोटायचा. घरी दोन-तीन प्रतींवर त्यांनी सराव केला होता.

पहिलं घर एका निवृत्त बँक अधिकाऱ्याचं. त्यांनी दारातच शेटजींचे दोन्ही हात धरले.

"वाचलं हो शेटजी! एका बैठकीत वाचलं. काय भाषा! एकदम ओघवती. आपलं गाव डोळ्यासमोर उभं केलं तुम्ही."

शेटजी खुलले. खुर्चीवर पुढे सरकून बसले. "ते पुराचं प्रकरण कसं वाटलं?"

"पुराचं तर... सुंदरच."

"थोडं काम होतं. तुमच्यावाली प्रत जरा आना ना. एक चूक राह्यली."

बँक अधिकाऱ्यांच्या पत्नी आत गेल्या आणि प्रत घेऊन आल्या. सोनेरी कागद जसाच्या तसा होता. चारी कोपरे करकरीत. शेटजींनी प्रत मांडीवर घेतली, स्वतःच लावलेली चिकटपट्टी पात्याने उचलली, पान काढलं, खरवडलं, फुंकर मारली.

"झालं," ते म्हणाले.

आम्ही उठायला लागलो तेव्हा बाई म्हणाल्या, "काका, ते पहिल्यासारखं बांधून द्या ना. शोकेसमधी चांगलं दिसते."

त्यांनी बांधून दिलं. पहिल्यासारखंच.

त्यानंतरच्या घरांचं वेगवेगळं वर्णन करण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी प्रत देवघराच्या फळीवर होती, काही ठिकाणी पलंगाच्या पेटीत लग्नात आलेल्या घड्याळांबरोबर. एका वकिलाकडे शाल, नारळ आणि पुस्तक असं तिन्ही एकाच पिशवीत दाराच्या खुंटीला होतं. नारळ आतून हलत होता. वाचनालयात प्रत उघडलेली सापडली. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं. पण आतल्या पानावर नोंदणीचा शिक्का मारायचा असतो, म्हणून कागद काढावाच लागतो. मागच्या आतल्या बाजूला पुस्तक नेल्याच्या तारखा लिहायची पट्टी चिकटवलेली होती. ती कोरी होती.

एका घराची मात्र शेटजींना मनातून धास्ती होती. ते घर बाजारपेठेतल्या एका जुन्या व्यापारी कुटुंबाचं. पुस्तकात या कुटुंबाच्या आजोबांविषयी एक पान आहे. ते बाजारात कापड मोजताना वापरायचे तो गज बोटभर आखूड होता, हे तळेगावच्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं आणि इतर दोघांकडून शेटजींनी ते पडताळून घेतलं होतं. छापावं की नाही यावर त्यांनी फार दिवस घालवले. पत्नीने बजावलं होतं, "दुकानासमोर येऊन भांडतीन. मी बाहेर येनार नाई, सांगून ठेवतो." तरी त्यांनी छापलं. प्रकाशनानंतर ते रोज सकाळी दुकानात येऊन रस्त्याकडे तोंड करून बसायचे. कोण येतं ते पाहायचे. कोणी आलं नाही.

आम्ही गेलो तेव्हा नातू, म्हणजे आता पन्नाशीचा गृहस्थ, सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभा होता. हसत पुढे आला, खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला.

"शेटजी, तुमी गावाचं नाव मोठं केलं."

"आजोबाचं पान पाह्यलं काय?" शेटजींनी सरळ विचारलं.

"आमच्या आजोबाचं हाये त्याच्यात? वा! आईले सांगतो. खुश होईन." त्याने हाक मारून आतून प्रत मागवली. शेटजींनी कागद सोडला. आतल्या पानावर 'सप्रेम भेट' खाली गावातल्या एका डॉक्टरांचं नाव होतं.

"हे तं डॉक्टरायचं हाये," शेटजी म्हणाले.

"त्यायनं आमच्या वास्तूले देल्लं ना."

"अन् तुमच्यावालं?"

"आमच्यावालं केळझरले. मेहुण्याच्या पोरीचा साखरपुडा होता. पॅकिंग चांगलं होतं, म्हणलं वेगळं काय बांधाचं?" तो मोकळेपणाने हसला. लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "तुमच्यासारखं बांधनं कोनाले जमते शेटजी!"

शेटजींनी डॉक्टरांची प्रत दुरुस्त केली. आजोबांचं पान त्याला उघडून दाखवावं, असं मला त्या क्षणी वाटलं. शेटजींनी ते पान उलटलं, त्यावर काही वेळ बोट ठेवलं आणि पुस्तक मिटलं. चहा संपवून आम्ही बाहेर आलो.

"भांडले असते तं बरं झालं असतं," रस्त्यात ते म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांचा वेग कमी झाला. आठवड्यातून एखादं घर व्हायचं. मग तेही थांबलं. केळझरची प्रत शोधायला जायचं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "उघडनारच नाई कोनी, तं चूक दिसते कोनाले?" हा हिशेब बरोबर होता आणि तळेगावला जायची वाटही त्यानेच मोकळी झाली.

आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. शेटजींच्या थैलीत म्हाताऱ्यासाठी दुरुस्त केलेली, बांधणी न केलेली प्रत होती. तिथल्या शाळेला द्यायच्या म्हणून काही बांधलेल्या, न खरवडलेल्या प्रतीही होत्या. म्हातारा अंगणात बाजेवर होता. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं. आवाजावरून त्याने ओळखलं.

"छोटे शेट? या. झालं का पुस्तक?"

शेटजींनी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटसुलट केलं, कडांवरून अंगठा फिरवला, नाकाला लावलं. घरात टीव्ही चालू होता. सून पाणी देऊन गेली. शेटजींनी लपवाछपवी केली नाही. चूक काय झाली, कोणी केली, आपण घरोघर जाऊन ती कशी खरवडली, सगळं सांगितलं.

म्हातारा हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, सून धावत आली, त्याने तिला हाताने परत पाठवलं.

"मले मारलं का त्यानं? अन् तुमी मले जितं करत गावभर हिंडले?"

"मंग काय करू बाबा?"

"खोडलं काऊन पण?" म्हातारा म्हणाला. "आता खोटं हाये, पुढं खरं होईन. मी गेल्यावर तुमी पुन्हा छापान का?"

म्हातारा उत्तरासाठी थांबला नाही.

"नाई ना? मंग राहू द्याचं होतं. हे खोडलेलं नको मले. मूळचं असन तं द्या."

शेटजींनी थैलीतून एक सोनेरी कागदातली प्रत काढून त्याच्या मांडीवर ठेवली आणि दुरुस्त केलेली परत घेतली. म्हाताऱ्याने कागदाचा आवाज ऐकला आणि तो समाधानी दिसला. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "त्या गजाचं छापलं का?"

"छापलं."

"काय म्हणून राह्यले ते? शिव्या देल्ल्या असतीन."

मी शेटजींकडे पाहिलं. त्यांनी थैलीचे बंद एकदा बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

"देल्ल्या," ते म्हणाले. "लय देल्ल्या. दुकानावर आलते."

"कोन? नातू?"

"नातू, त्याची माय, सारे. रस्त्यावर मानसं जमा झाली."

"मी म्हणलं नव्हतं?" म्हाताऱ्याने बाजेवर हात आपटला. "मी म्हणलंच होतं, बोंबलतीन म्हणून! अन् तुमी काय म्हणलं मंग?"

"म्हणलं, लिहिलं थे खरं हाये. तळेगावले जाऊन इचारा."

"येऊ द्या. येऊ द्या त्यायले." मग तो माझ्याकडे वळला. "पेपरात आलतं काय?"

"आलं होतं," मी म्हणालो. ते खरं होतं.

परतीच्या एसटीत शेटजी खिडकीशी बसले होते. खोडलेली प्रत त्यांच्या थैलीत परत आली होती. डेपोत उतरल्यावर त्यांनी खिशातलं पातं काढून पाहिलं आणि पुन्हा तसंच ठेवलं. पुढे मी त्यांना गादीवर बसून लिहिताना पाहिलं नाही. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे दुकानात मागच्या बाजूला होते. अस्तराच्या कापडाचे तागे जमिनीची ओल लागू नये म्हणून मुलाने त्यांच्यावर ठेवले होते. जिल्ह्यातल्या गावांविषयी लिहिलेल्या पुस्तकांचं शेवटी जे होतं, त्यातला हा बराच सन्मानाचा प्रकार आहे. माझ्या कपाटातल्या कित्येक प्रती मला रद्दीच्या गाडीवर मिळाल्या आहेत, 'सप्रेम भेट'सकट.

थंडीत म्हातारा गेला. तेरवीला आम्ही दोघं पुन्हा तळेगावला गेलो. जाताना शेटजी म्हणाले, "आता ज्या खोडल्या त्याच चुकल्या." ते हिशेब सांगितल्यासारखं म्हणाले.

मांडवात समोर म्हाताऱ्याचा फोटो, त्याला हार, बाजूला समई. फोटोच्या पायाशी पाटावर पुस्तक ठेवलं होतं, सोनेरी कागदात. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं होतं, अक्षता होत्या. म्हाताऱ्याच्या मुलाने, तोही साठीचा, आम्हाला पुढे सतरंजीवर बसवलं.

"बाबा येईन त्याले सांगत होते," तो शेटजींना म्हणाला. "पुस्तकावरून आर्वीत किती मोठं भांडन झालं, मानसं कशी जमा झाली. शेवटी-शेवटी तं रोज वाढवून सांगत. एक दिवस पोलीस पन आनले त्यायनं त्याच्यात."

आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. शेटजीही हसले असावेत. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"वाचून दाखवा म्हनत आमाले," मुलगा पुढे म्हणाला. "आमी म्हणू, वाचू बाबा. सोयाबीन निघून राह्यली होती, मंग कापूस आला. राहूनच गेलं."

शेटजी पाटाकडे पाहत होते. बांधणी त्यांचीच होती, ती कोणी सोडली नव्हती.

"मंग आता उघडून पाह्यजा एखांद्या दिवशी," ते म्हणाले. "त्यायचं नाव हाये आत. बरोबर हाये आता."

मुलगा जरा अवघडला. "काका, आता पूजेत बसवलं ना. हळदकुंकू वाह्यलं त्याले. आता कसं उघडाचं?"

शेटजींनी मान हलवली. "नाई उघडाचं," ते म्हणाले. "बरोबर हाये."

मग पंगतीचं बोलावणं आलं आणि आम्ही जेवायला उठलो.